लाडकीबायचं सागाचं पान

लाडकीबाय मला पहिल्यांदा भेटली ती कचऱ्याच्या डब्यापाशी. ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार असेल. मुलुंडला म्युनिसिपालटीच्या एका लहानशा इस्पितळात मी प्लास्टरच्या खोलीत होतो. कागदावर ड्रेसर, प्रत्यक्षात जो हाक मारेल त्याचा. सकाळी बादलीत घातलेले हात दुपारी दोनला बाहेर निघायचे. तोवर बोटांच्या भेगांत प्लास्टर सुकून बसलेलं असायचं आणि घरी जेवताना ते भातात लागायचं. त्या दिवशी खोली धुऊन मी दार ओढून घेणार, तेवढ्यात दारात एक बुटकी, काटकुळी म्हातारी येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायांवर डोंगरातली लाल माती. ओळख ना पाळख.

"माझ्या कामट्या दे," ती म्हणाली.

मला काही उमगेना. मग आठवलं. सकाळी खदाणीतल्या एका मजुराचा मुलगा आला होता, हात मोडलेला. त्याच्या हाताला बांबूच्या आठ पट्ट्या बांधलेल्या होत्या. नखाएवढ्या जाडीच्या, कडा घासून गोल केलेल्या, वर सालीची बारीक दोरी. मुलाच्या काकाला गावठी औषधाची लाज वाटली म्हणून तो त्याला खाली घेऊन आला होता. मी कात्रीने दोरी कापली, पट्ट्या डब्यात टाकल्या आणि त्याला फोटो काढायला पाठवलं. फोटो आला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात दोनदा धरून बघितला. हाड जिथल्या तिथे बसलेलं होतं.

"कोणी बसवलं हे?"

"डोंगरावरच्या पाड्यातली कोणी म्हातारी आहे म्हणे, साहेब."

"हं," ते म्हणाले. "बरं, प्लास्टर घालून टाक." मी घातलं. बसलेल्या हाडाला मी नुसता पांढरा रंग दिला, एवढंच काय ते माझं काम.

तर त्या कामट्या मागायला ती चार मैल चालत उतरली होती. डबा अजून उपसायचा होता. आम्ही दोघं त्यात हात घालून बसलो. बोळे, कापलेली प्लास्टरं, केळ्याची सालं. सहा कामट्या मिळाल्या. तिने त्या नळाखाली धुतल्या, पदराने पुसल्या, मोजल्या.

"दोन कमी हायेत."

"आजी, बांबूच्या पट्ट्या त्या. डोंगरावर बांबू काय कमी आहे?"

ती रागावली नाही. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो आणि तिच्यात तेवढा उरलेला नसावा. म्हणाली, "अंधाऱ्या पाखात तोडायचा बांबू. मंग कीड नाय लागत. तिसऱ्या सालाचा पायजे, कवळा नाय. मंग एक साल चुलीवर धुरात. तू एका कात्रीत टाकला." आणि मग "हाश्श, दमली," असं म्हणत ती उंबऱ्यावरच बसली, चौकटीला डोकं टेकलं आणि झोपली. माझी ओली फरशी तिच्याभोवती तेवढी पुसायची राहिली.

'दमली' हा तिचा आवडता शब्द होता. येताना दमली, जाताना दमली, बसली तरी दमली. मीही तेव्हा कायम दमलेलाच असायचो, पण मला ते कुणाला सांगायची सोय नव्हती. आमच्या चाळीत दमलो म्हटलं की लोक म्हणायचे, सरकारी नोकरी आहे रे तुझी, दमायला काय झालं! त्यामुळे इतक्या उघडपणे दमणारं माणूस मला एकदम आवडून गेलं.

ती वारली जमातीची. पाडा मुलुंडच्या पश्चिमेला, शेवटच्या सोसायट्या संपल्या की खदाणीच्या बाजूने वर चढत जायचं तिथे. कारवीच्या कुडांची पंधरा-वीस घरं. तिचा मुलगा सोमा खाली एका सोसायटीत माळीकाम करायचा, सून चार घरची भांडी घासायची. लाडकीबाय हाडं बसवायची. आईकडून आलेलं, आईला तिच्या मावशीकडून. माझं नाव तिने सात वर्षांत एकदाही घेतलं नाही. पांढऱ्या हातांमुळे मी चुनेवाला.

कामट्यांच्या त्या प्रकरणानंतर मी तिच्या पट्ट्या कापायच्या ऐवजी सोडवायला लागलो आणि एका खोक्यात ठेवायला लागलो. महिन्या-दीड महिन्याने ती येऊन घेऊन जायची. त्यातूनच आमची एक रीत पडली. हाड कातडी फोडून बाहेर आलेलं असेल, मांडी मोडली असेल, माणूस काळानिळा पडला असेल, तर ती हात लावायची नाही. "ह्यो माझा नाय," म्हणायची आणि दुखऱ्या जागेच्या वर सागाचं एक पान दोरीने बांधून त्याला खाली धाडायची. फाल्गुनात साग उघडा पडला की पळसाचं पान. पान बांधलेला माणूस दिसला की मी त्याला रांगेतून पुढे काढायचो. बाकीचे ओरडायचे, "अरे ओ, इकडे नंबर लागलाय ना!" मी म्हणायचो, पानवाला आहे. हळूहळू वॉर्डबॉयसुद्धा पान बघून स्ट्रेचर आणायला लागले. डॉक्टरांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, पाला लावायची काहीतरी अंधश्रद्धा असणार.

मी मात्र तिच्याकडे कोणाला पाठवायचो नाही. मनात यायचं. कितीतरी म्हातारी माणसं प्लास्टर काढल्यावर हात धरून तशीच बसायची, बोटं वळत नाहीत म्हणून रडायची. त्यांना लाडकीबायचा पत्ता सांगावा असं शंभरदा वाटलं. पण सांगितलं आणि वर साहेबांना कळलं तर? माझ्या तोंडून तो पत्ता कधी निघाला नाही. भित्रेपणा, दुसरं काय.

तिचं काम मी बघितलं ते एका रविवारी, पाड्यावर. खोक्यात बऱ्याच कामट्या साठल्या होत्या, त्या पोचवायला गेलो होतो. समोर एक तरणी बाई बसलेली, खांदा निसटलेला, दुखण्याने ओठ चावून धरलेले. लाडकीबायने तिचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि तोंड पार दुसरीकडे फिरवलं, जसं काही तिला ह्यात रसच नाही. बोटं तेवढी खांद्यावरून हळूहळू फिरत होती. आणि विचारते काय, "सासू कशी गं तुझी?"

बाईला तेवढंच हवं होतं. "काय सांगू आजी, मीठ जास्त पडलं की ताट ढकलते, कमी पडलं की—"

कट्. बाई किंचाळली, मग गप्प झाली, मग खांदा हलवून बघायला लागली. सासू अर्धीच राहिली.

"आजी, बघत का नाहीस तू?" मी नंतर विचारलं.

"डोळं वरचं बघतात. कातडं बघतात, रगत बघतात, भितात. हाड बोटाला दिसतं." मग म्हणाली, "तू फोटू बघतो. फोटूत हाड हाय, पन मानूस कठं हाय?"

मला ते लागलं. पण हेही खरं की फोटो बघून चार माणसांचे हात मी वाचवलेले होते आणि तिच्याच पानवाल्यांतले दोघं आमच्या ऑपरेशनमुळे चालायला लागले होते. मी तसं म्हणालो. ती लगेच म्हणाली, "मंग! म्हून तर पान बांधते." वाद घालायला तिला कधी जमलंच नाही.

त्याच दिवशी ती मला औषध आणायला बरोबर घेऊन गेली. हाडसांधीची वेल सगळ्यांनाच ठाऊक असते, आमच्या कोकणातही असते. पण तिच्या लेपात आणखी दोन झाडं होती आणि ती कोणती ते मला कधी कळलं नाही, कारण त्या झाडांपाशी जायच्या आधी तिने मला एका दगडावर बसवून ठेवलं. वेलीपाशी मात्र नेलं. पहिली वेल दिसली ती भरगच्च. मी हात पुढे केला तर तिने फटकन हातावर मारलं. पहिली घ्यायची नाही. पहिलीला विचारायचं, आणि पुढच्या कोणाचं तरी थोडं घ्यायचं. पहिली राहिली म्हणजे वेल राहिली. कमरेच्या पिशवीतून तिने चिमूटभर तांदूळ काढून पहिलीच्या मुळाशी टाकले. दुखणाईतांकडून ती पैसे घ्यायची नाही, मूठभर तांदूळ घ्यायची. ते तांदूळ वेलीचे, तिचे नव्हेत. मग ती वेलीशी बोलायला लागली. इतकी भरभर, इतकी मोकळी बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आमच्याशी बोलताना ती शब्द शोधत, अडखळत बोलायची. इथे तिचा आवाजच वेगळा होता, तरुण बाईचा असावा तसा. मला चार शब्दही नीट कळले नाहीत.

"हिच्याशी मराठीत का नाही बोलत?"

"हिला मराठी कठं येतं?" ती म्हणाली. तोंड इतकं सरळ की थट्टा की खरं ते आजतागायत मला ठरवता आलं नाही.

उतरताना वाटेत ती दोनदा बसली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "माला आता सोडायचं हाय."

"काय सोडायचं?"

"ह्येच. दमली मी."

"मग सोड. नाही म्हण आलेल्यांना."

तेव्हा तिने मला तो नियम सांगितला. मोडलेलं माणूस दाराशी आलं तर नाही म्हणायचं नाही. जेवत असलं तरी, ताप असला तरी. ह्यातून सुटका एकाच वाटेने. विद्या दुसऱ्याला द्यायची. घेणाऱ्याने आपण होऊन मागितली पाहिजे. देणारीने तीनदा विचारायचं, घेतो का, आणि त्याने तिन्ही वेळा हो म्हणायचं. मग झाडांची नावं त्याच्या कानात सांगायची. नावं सांगितली की देणारीच्या हातातला गुण गेला. मग तिने हाडाला हात लावायचा नाही, लावला तरी उपयोग नाही. आईने दिल्यावर आई मरेपर्यंत पिढ्यावर बसून होती, सुखाने. लाडकीबायला तसं बसायचं होतं.

"सोमाला दे ना."

"तो मागत नाय. बोलतो, आये, माला आठवड्याला एक सुट्टी. सुनेला इचारलं. ती बोलते, चार घरची भांडी हायेत, पाचवं नको." त्यांचं तरी काय चुकलं? रोज कोणीतरी कण्हत दाराशी येणार आणि त्यापायी कामावर खाडे होणार, हे कोणाला परवडणार होतं?

आता माझ्या वडिलांचं सांगतो. गिरणीचा संप झाला आणि वडील घरी बसले ते बसलेच. तीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस, दिवसभर चाळीच्या कठड्याला टेकून रस्ता बघत बसायचा. त्यात मोरीत पाय घसरून पडले, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर मीच घातलं. माझ्या हाताने, अगदी निगुतीने. सहा आठवड्यांनी काढलं तर हाड उत्तम जुळलेलं आणि बोटं लाकडासारखी. भाताचा घास करता येईना. माझी बायको भरवायला गेली की ताट बाजूला सारायचे. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, रबरी चेंडू दाबा. वडील म्हणाले, "मी काय लहान पोर हंय, चेंडवान खेळाक?"

शेवटी मी लाज गुंडाळून त्यांना पाड्यावर नेलं. दुसऱ्या कोणाला कधी पत्ता दिला नाही, पण बापावर आलं तेव्हा बरोबर पाय निघाले. लाडकीबायने डोळे मिटून मनगट चाचपलं. "हाड चांगलं हाय. चुनेवाल्यानं चांगलं केलं," म्हणाली, आणि मला उगाच बरं वाटलं. "हात रुसलाय. त्याला काम नाय, म्हून." लेप दिला, कोमट तेल चोळलं, आणि आत जाऊन सालीचा एक भिजलेला जुडगा आणून त्यांच्या मांडीवर टाकला.

वडिलांनी तो हुंगला. त्यांचा चेहराच बदलला. "मेल्या, ह्यां केवण! आमच्या गावाक हेचो दोर करीत. माझो आजो करी."

"मंग कर," लाडकीबाय म्हणाली. "माझी दोरी संपली. कामट्या बांधायला पायजे. बारीक कर."

पहिल्या दिवशी वीतभर झाली, तीही ओबडधोबड. वडिलांनी शिव्या घातल्या, दोरीला, हाताला, मला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यापाशी न जाता ते जुडगा घेऊन बसले. मांडीवर साल ठेवायची, तळहाताने वळायची, बोटांनी नवा तंतू जोडायचा. तुटलेले धागे जोडणं हे त्यांचं गिरणीतलं तीस वर्षांचं काम. दोन महिन्यांत बोटं मिटायला लागली, चौथ्या महिन्यात ते चमचा टाकून हाताने जेवले. लाडकीबायला दोरीची खरंच गरज होती की हे तिचं औषध होतं, हे मी तिला विचारलं नाही. त्यानंतर शेवटपर्यंत तिच्या कामट्यांना वडिलांचीच दोरी. महिन्याला एक गुंडी ते माझ्याकडे द्यायचे आणि बजावायचे, "तिका सांग, गाठ सुटूची नाय." माझ्या बापाला तिने नुसती बोटं परत दिली नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिली गुंडी घेऊन गेलो तेव्हाच तिने विचारलं. सरळ, नजर वळवून, बोटांत दोरी फिरवत. "तू घे नी."

"काय?"

"माझं. तुझा हात बरा हाय. तू माग."

मला पुढचं सगळं दिसलं. डोंगर चढून जाणं, उतरणं. दाराशी कण्हणारी माणसं, तीही चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. सकाळी बादली, दुपारी कामट्या. साहेबांना कळलं तर नोकरी. घरात दोन मुलं, बसलेले वडील. मी दिवसभर मोडलेली माणसंच बघत होतो, घरीही तीच बघायची? मी म्हणालो, "बघू."

नाही म्हणालो असतो तर बरं झालं असतं. बघू म्हणालो आणि तिने ते धरून ठेवलं. प्रत्येक भेटीत कामट्या मोजून झाल्या की माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, जरा मुलीची दहावी होऊ दे. जरा वडिलांचं बघू दे. तीन वर्षं मी त्या बाईला बघूवर ठेवलं. ती दर खेपेला थोडी अधिक वाकलेली असायची.

मग आमच्याकडे लहान डॉक्टर आले. पार्ल्याचे, हुशार, कामाला वाघ आणि स्वभावाने खरोखर सज्जन. त्यांनी पहिल्याच महिन्यात पानाची भानगड ओळखली. "परब, हे सागाचं पान म्हणजे रेफर केलेली चिठ्ठीच आहे की रे! मला भेटव त्या बाईंना." मी चपापलो, पण त्यांना खरंच शिकायचं होतं. एका थंडीतल्या दुपारी मी त्यांना वर घेऊन गेलो. ते कुडाच्या घरात वाकून शिरले, जमिनीवर मांडी घालून बसले, वही उघडली आणि म्हणाले, "आजी, तुमचं औषध मला सांगाल? हे विसरलं जाता कामा नये."

लाडकीबाय त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"घेतो?"

"हो, हो. घेतो ना."

"घेतो?"

"हो आजी." ते हसले.

मला माहीत होतं ती काय विचारते आहे. त्यांना माहीत नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. साहेब, नुसती वही नाही, हे सगळं अंगावर येतं. मी बोललो नाही. मनात म्हटलं, वहीत लिहून कोणाच्या हातातला गुण कशाला जातोय! पण ते वरवरचं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यावरचा बघू उतरत होता आणि मला हलकं वाटत होतं.

"घेतो?"

"हो."

तिने मला बाहेर जायला सांगितलं. ऐकायचं ते घेणाऱ्यानेच. मी बाहेर चिंचेखाली बसून राहिलो. आतून तिचा आवाज येत होता, वेलीशी बोलायची तो. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले, चार पानं भरलेली, चेहरा उजळलेला. "विलक्षण आहे रे परब!" त्यांच्या मागून लाडकीबाय आली. अंगणात उन्हाचा एक तुकडा होता तिथे गोधडी टाकली, आडवी झाली आणि आमच्या देखत झोपली. आम्ही निघालो, कुत्री भुंकली, तरी हलली नाही.

दोन महिन्यांनी लहान डॉक्टरांना विलायतेला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली. पेढे वाटले. मी जिन्यात त्यांना गाठून म्हणालो, "साहेब, त्या म्हातारीचं..." ते म्हणाले, "वही जपून ठेवलीय रे. परत आलो की नीट काम करू." त्यात खोटं काही नव्हतं. ते गेले, आणि वही त्यांच्याबरोबर गेली.

मी वर गेलो. कोणीतरी सांगायला हवं होतं.

"आजी, तो डॉक्टर गेला."

"कठं?"

"विलायतेला. लांब. समुद्रापार."

तिने मान हलवली. मग विचारलं, "तिथं हाडं मोडतात नी?"

"मोडतात."

"मंग बरं."

मला राहवलं नाही. "आणि इथली? इथं कोण आहे?"

"इथं तू हाय," ती म्हणाली. "पन त्यानं मागितलं. तू नाय मागितलं." आवाजात ठपका नव्हता. तो असता तर मला भांडता आलं असतं.

त्यानंतर ती खरंच थांबली. लोकांना पटेना. दाराशी बसून राहायचे, हातापाया पडायचे. ती स्वतःचे दोन्ही हात उलटे करून दाखवायची. "गेलं. दिलं मी." आणि प्रत्येकाला, साध्या मुरगळलेल्यालासुद्धा, सागाचं पान बांधून खाली धाडायची. माझ्या रांगेत पानंच पानं झाली. पूर्वी पान म्हणजे धोक्याचा माणूस. आता कोणाला पुढे काढावं ते मला पानावरून कळेना, वॉर्डबॉय कंटाळले, स्ट्रेचर येईनासं झालं. संध्याकाळी फरशीवरची पानं झाडून काढताना माझी कंबर धरायची आणि मी तिच्यासारखाच मोठ्याने म्हणायचो, दमलो बाबा. तिला सुख लागलं असेल, असं मी स्वतःला सांगायचो. पण सोमा एकदा भेटला तो म्हणाला, "कशाचं सुख! मानसं येतातच. आये बसते, हात मांडीखाली दाबून बसते."

मी तिला शेवटची बघितली ती पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर. रांगेतली माणसं आपणहून बाजूला सरत होती, म्हणून मी मान वर केली. लाडकीबाय एकटीच चालत येत होती. उजवा हात डाव्याने छातीशी धरलेला, मनगट वाकडं झालेलं, आणि त्याच्या वर सागाचं पान. दोरी वडिलांची. गाठ तिने दातांनी मारली असावी, कारण दोरीचं टोक अजून ओलं होतं. स्वतःला तिने स्वतःच माझ्याकडे पाठवलं होतं.

मोठे डॉक्टर ऑपरेशनला अडकले होते. फोटो बघून त्यांनी निरोप धाडला, परबला म्हणावं बसव आणि प्लास्टर घाल. भुलीची सुई घ्यायला ती तयार नव्हती. मी तिचा हात हातात घेतला. इतका हलका हात मी त्या खोलीत कधी धरला नव्हता. आणि मग इतकी वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं माझ्या तोंडून निघालं.

"आजी, मी मागतो. मला दे."

ती माझ्याकडे बघून हसली, दमलेलं हसू. "आता काय देऊ? माझ्याकडं काय हाय?"

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी तोंड दुसरीकडे फिरवलं, डोळे मिटले. बोटं मनगटावर होती. हाडाची कड बोटांना लागली, कुठून कुठे सरकली तेही लागलं. मी विचारलं, "सून कशी वागते गं तुझी?"

"सून?" तिचा आवाज एकदम तरतरीत झाला. "अरं, ती काय वागंल! चहात साखर घालते ती अशी, जशी काय मी—"

मी ओढलं. ती ओरडली. मग गप्प झाली. मग तिच्या लक्षात आलं आणि डाव्या हाताने तिने माझ्या पाठीत दणका घातला. "माझीच खोड! माझ्याच अंगावर!" आणि पोट धरून हसायला लागली. खोलीतली माणसं बघतच राहिली.

प्लास्टर सुकेपर्यंत तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. "किती दिस?" तिने विचारलं. सहा आठवडे म्हटल्यावर पांढरा हात वर करून सगळ्या बाजूंनी बघितला, समाधानाने. "हाश्श," म्हणाली, बाकावर आडवी झाली, हात छातीवर ठेवला आणि झोपली. संध्याकाळी सोमा येऊन तिला घेऊन गेला तेव्हा मी वॉर्डात होतो. त्यानंतर ती मला दिसली नाही. पावसाळ्यात गेल्याचं नंतर कळलं.

पण त्या दुपारी, ती झोपलेली असताना, पाड्यावरचा एक माणूस मुलीला खांद्यावर घेऊन धापा टाकत आला. मुलीचा हात मोडलेला. पान नव्हतं. लाडकीबायच्या घरी जाऊन आला असणार, बांधायला कोणी सापडलं नसणार. त्याला बाकावरची लाडकीबाय दिसली. तिला उठवायला तो वाकला, आणि मग त्याची नजर तिच्या हातावर गेली. मग आवाज न करता मागे सरला आणि माझ्या दारात आला.

मी मुलीचा हात घेतला, डोळे मिटले. "तुझ्या वर्गातल्या बाई कशा आहेत गं?" मी विचारलं. बाहेर लाडकीबाय घोरत होती.